कस्टम उबुंटू इन्स्टॉलर इतरांच्या हाती देण्याआधी कसा तपासावा?

तुमचा प्रश्न असा आहे: उबुंटू सर्व्हर 24.04 च्या आयएसओत (इन्स्टॉलरची अख्खी डिस्क साठवलेल्या फाइलीत) तुम्ही स्वतःची ऑटोइन्स्टॉल फाइल, म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल, घातली आहे, लॅबमधल्या वेगवेगळ्या पीसींवर तो पेनड्राइव्हने चढवायचा आहे, आणि त्याआधी कुणाचाही डेटा न उडवता त्याची खात्री करून घ्यायची आहे.

आधी फाइलमधला ‘स्टोरेज’ भाग उघडा. खरा धोका तिथेच आहे. नुसतं ‘लेआउट’चं (डिस्कच्या मांडणीचं) नाव दिलं असेल आणि ‘मॅच’ (कोणती डिस्क निवडायची तो नियम) दिलं नसेल, तर इन्स्टॉलर मशीनमधली सगळ्यात मोठी डिस्क उचलतो. 256 जीबीच्या एसएसडीशेजारी 1 टीबीची हार्ड डिस्क असेल, तर सिस्टिम त्या हार्ड डिस्कवर बसते आणि तिच्यावरचं सगळं जातं. म्हणून ‘मॅच’मध्ये एसएसडी, मॉडेल किंवा सीरियल यांपैकी काहीतरी द्याच. दुसरं, कर्नलच्या ओळीत (बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) ‘ऑटोइन्स्टॉल’ हा शब्द लिहू नका. तो नसला की डिस्क पुसण्याआधी इन्स्टॉलर थांबून विचारतो. माझ्या मते लॅबसाठी द्यायच्या आवृत्तीतही तो प्रश्न राहू द्यावा. प्रत्येक मशीनवर एकदा ‘येस’ टाइप करणं महाग पडत नाही, चुकीची डिस्क पुसली गेली तर ती परत मिळत नाही.

आता पहिली चाचणी व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या पीसीवर. त्यासाठी क्यूईएमयू-केव्हीएम वापरा आणि ते सुडोशिवाय (अ‍ॅडमिनचे अधिकार न देता) चालवा. तुमचा युजर ‘केव्हीएम’ ग्रुपमध्ये हवा, ‘डिस्क’ ग्रुपमध्ये नको. मग चुकून स्वतःच्या लॅपटॉपच्या खऱ्या डिस्कचा पाथ दिला गेला तरी परवानगी नाकारली जाईल, एवढंच.

या मशीनला दोन डिस्क द्या. पहिली एनव्हीएमई (एसएसडीचा एक प्रकार) म्हणून जोडा (क्यूईएमयूत तिला सीरियल द्यावाच लागतो, नाहीतर मशीन सुरूच होत नाही). व्हर्च्युअल मशीनची नेहमीची व्हर्टआयओ डिस्क इथे चालत नाही. ती स्वतःला फिरणारी डिस्क म्हणवते, त्यामुळे ‘एसएसडी: ट्रू’ असलेला नियम तिला पकडत नाही आणि चूक फाइलची की मशीनची तेच कळत नाही. दुसरी डिस्क साटा, पहिलीपेक्षा मोठी, ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल सिस्टिम) फॉरमॅट केलेली आणि आत चार-दोन फायली ठेवलेली. इन्स्टॉल झाल्यावर ती माउंट करून फायली जशाच्या तशा आहेत का ते पाहा. ही दुसरी डिस्क न लावता केलेल्या चाचणीला मी चाचणी मानत नाही.

पहिल्या डिस्कचा आकारही लॅबमधल्याइतकाच ठेवा. क्यूकाउ2 (क्यूईएमयूच्या व्हर्च्युअल डिस्कची) फाइल 500 जीबीची बनवली तरी जागा भरेल तेवढीच घेते, त्यामुळे 25 जीबीवर भागवायचं कारण नाही. एलव्हीएम लेआउट (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी मांडणी) डिस्कच्या आकारावरून रूटची, म्हणजे मुख्य सिस्टिमच्या भागाची, जागा ठरवतो: 20 ते 200 जीबीच्या दरम्यान साधारण निम्मी, त्यापुढे फक्त 100 जीबी. 500 जीबीच्या पीसीवर चारशेच्या आसपास जागा न वापरता पडून राहते. सगळी हवी असेल तर ‘सायझिंग-पॉलिसी: ऑल’ लिहा.

आयएसओ सीडी म्हणून जोडून बूट झाला म्हणजे पेनड्राइव्हवरून होईलच असं नाही. झोरिसोने (आयएसओ बनवण्याच्या टूलने) पुन्हा बांधताना मूळ आयएसओतला एमबीआर आणि ईएफआय पार्टिशनचा, म्हणजे डिस्कवरून बूट होण्यासाठी लागणारा, भाग उचलायचा राहिला, की सीडीवरून सगळं सुरळीत चालतं आणि पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतच नाही. म्हणून तीच फाइल क्यूईएमयूत यूएसबी स्टोरेज म्हणून जोडूनही चालवा. आतल्या फायली बदलल्या असतील तर आयएसओतली एमडी5 ची यादी (प्रत्येक फाइलच्या पडताळणीचे आकडे) नव्याने बनवा, नाहीतर सुरुवातीची तपासणी त्रुटी दाखवते.

फर्मवेअरसाठी ओव्हीएमएफ (व्हर्च्युअल मशीनसाठीचं यूईएफआय, म्हणजे आजच्या पीसींतलं बायोस) वापरा. त्याच्या ‘व्हार्स’ फाइलची (सेटिंग साठवणाऱ्या फाइलची) दर चाचणीला कोरी प्रत घ्या, कारण बूटच्या नोंदी तिच्यातच साठतात आणि मागच्या खेपेची नोंद आजची चूक झाकून टाकते. लॅबमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या असलेली ‘व्हार्स’ वापरा. स्वतःचा कर्नल किंवा बाहेरचं मॉड्यूल घातलं असेल तर ते सही नसल्यामुळे इथेच अडेल.

मग नेटवर्क कार्ड काढून एकदा पूर्ण इन्स्टॉल करा. ‘लेट-कमांड्स’मधली (ऑटोइन्स्टॉल फाइलीतल्या, इन्स्टॉलच्या शेवटी चालणाऱ्या आज्ञांतली) एकही आज्ञा अपयशी झाली तर इन्स्टॉल तिथेच थांबतं, आणि नेट नसताना पॅकेज उतरवणारी आज्ञा हमखास अपयशी होते. याच्या उलट एक चूक अजिबात आवाज करत नाही: आज्ञेआधी ‘कर्टिन इन-टार्गेट’ (ही आज्ञा नव्या सिस्टिममध्ये चालव, असं सांगणारे शब्द) लिहायचं राहिलं तर ती इन्स्टॉलरच्या तात्पुरत्या सिस्टिममध्ये चालते, यशस्वी ठरते आणि रीबूटला पुसली जाते. म्हणून ‘इन्स्टॉल पूर्ण’ या संदेशावर थांबू नका. नव्या सिस्टिममध्ये लॉगिन करून प्रत्येक बदल डोळ्यांनी पाहा.

एवढं झालं की एक खरा पीसी घ्या. त्यातली एसएसडी काढून ठेवा आणि तिच्या जागी जुनी, रिकामी करायला हरकत नसलेली लावा. बायोसमधून डिस्क बंद करण्यापेक्षा हे भरवशाचं. डिस्क दिसलीच नाही तर बायोसमध्ये इंटेलचा आरएसटी किंवा व्हीएमडी मोड (डिस्क हाताळण्याची इंटेलची वेगळी पद्धत) चालू आहे का ते आधी बघा. पण आधीच विंडोज असलेल्या पीसीवर तो मोड बदलला तर विंडोज बूट होणं थांबू शकतं.

ऑटोइन्स्टॉल फाइलमधला पासवर्डचा हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) आयएसओ हाती असलेल्या कुणालाही वाचता येतो. तो पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरात नसावा, आणि पहिल्या लॉगिनला बदलायला लावावा.

शेवटी, तपासलेली फाइल आणि वाटायची फाइल एकच हवी. आयएसओचा एसएचए256 आकडा (फाइलीचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) चाचणीच्या वेळीच टिपून ठेवा. नंतर एक ओळ जरी बदलली तरी यूएसबी आणि दोन डिस्कवाली चाचणी पुन्हा करा. कुठे अडलंच तर कंट्रोल-ऑल्ट-एफ2 दाबून शेलमध्ये जा आणि मशीन बंद करण्याआधी ‘/var/log/installer’ फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. लाइव्ह सिस्टिम मेमरीत चालते, बंद केली की ते लॉगही जातात.