बॉयलरचे उरलेले आयुष्य तपासणारी नोकरी

प्रश्न : मुलगी नागपूरच्या व्हीएनआयटीत मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वीज केंद्रातल्या बॉयलरचे उरलेले आयुष्य तपासायचे काम करायचे म्हणते. कोळशाची केंद्रे बंद होणार असे सगळे सांगतात. तिने निदान सिम्युलेशन सॉफ्टवेअर तरी शिकावे का? – एक आई, चंद्रपूर

उत्तर : ताई, हे काम कायद्याने बंधनकारक आहे. भारतीय बॉयलर विनियमांनुसार ४०० अंश सेल्सिअस किंवा अधिक तापमानावर चालणाऱ्या बॉयलरची एक लाख तास भरल्यावर अशी तपासणी करावीच लागते. संच अखंड चालला तर साधारण साडेअकरा वर्षांत ती वेळ येते. केंद्र जुने होते तशी तपासणीही वाढते. त्यात आता सौर विजेमुळे दुपारी भार उतरवायचा आणि संध्याकाळी चढवायचा, याने जाड हेडरना (अनेक नळ्या जोडलेले मोठे पाइप) तडे जाण्याचा धोका वाढतो.

सॉफ्टवेअर शिकू द्या, पण नंतर. तापलेले पोलाद दाबाखाली वर्षानुवर्षे हळूहळू ताणले जाते, तो क्रीप. तापमानावरून क्रीपचे आयुष्य काढणाऱ्या लार्सन-मिलर सूत्रात स्थिरांक २० धरला, तर ५४० अंशांवर लाख तास टिकणारा भाग त्याच ताणाखाली ५५० अंशांवर जेमतेम पन्नास हजार तास टिकतो. नळीचे तापमान दहा अंश चुकले की संगणकाचे उत्तर कितीही देखणे असो, ते फसवे.

म्हणून आधी रेप्लिकावर, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाच्या फिल्मवर घेतलेल्या ठशावर, हात बसू दे. बेंडच्या बाहेरच्या अंगाला आणि वेल्डच्या कडेला जागा घासायची, डायमंड पेस्टने एक मायक्रॉनपर्यंत पॉलिश करायची, मग एचिंग, म्हणजे आम्लाच्या द्रावणाने धातूची रचना उघडी करणे (पी २२ जातीच्या पोलादाला नायटल, पी ९१ ला विलेला), आणि अ‍ॅसिटोनने मऊ केलेली फिल्म चिकटवून वाळल्यावर सोलायची. नवखे घासण्यातच चुकतात. वरचा कार्बन गेलेला थर पुरता निघाला नाही, तर हार्डनेस कमी येतो आणि धडधाकट पाइप बाद ठरतो. पॉलिश-एचिंग एकदाच करून थांबले तर क्रीपने धातूत पडलेल्या सूक्ष्म पोकळ्या नीट उघडत नाहीत; दोन-तीनदा करावे लागते. सुट्या पोकळ्यांवर लक्ष ठेवले तरी चालते, त्या रांगेत दिसल्या तर पुढची तपासणी लवकर ठेवायची, सूक्ष्म तडे दिसले तर दुरुस्तीची तयारी करायची. पी ९१ च्या वेल्डमध्ये मात्र पोकळ्या पृष्ठभागाखाली सुरू होऊ शकतात. तिथे निव्वळ रेप्लिकावर विसंबू नये, अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) तपासणी हवीच.

त्यामुळे शेवटच्या वर्षाआधी अल्ट्रासॉनिक, पेनिट्रंट (तड्यात रंगद्रव झिरपवून) आणि मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबकी भुकटीने) या तडे शोधण्याच्या तिन्ही पद्धतींची लेव्हल २ प्रमाणपत्रे घेण्याच्या तयारीला लागावे. कोराडीला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेचे (सीपीआरआय) औष्णिक संशोधन केंद्र आहे. प्रोजेक्टसाठी तिथे विचारावे. क्रीप चाचणीतच रस असेल तर जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेकडे अर्ज करावा.

काम अंगमेहनतीचे आहे. ओव्हरहॉलच्या (संच बंद ठेवून होणाऱ्या मोठ्या देखभालीच्या) दिवसांत रात्रपाळी असते, मचाणावर चढावे लागते, अरुंद बॉयलरमध्ये शिरावे लागते. नोकरी स्वीकारण्याआधी तिने एखाद्या ओव्हरहॉलमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून आठवडाभर तरी उभे राहून पाहावे.