लाल बटन सोडलं की मशीन सुरू!

प्रश्न : कळमन्याला आमची हळद-मिरची दळायची छोटी गिरणी आहे. पल्वरायझरला 5 एचपीची मोटर. पॅनेलवर एक फिरवायचा स्विच आणि लाल मशरूम बटन. स्विच कायम चालूच असतो. पोरं लाल बटन दाबून मशीन बंद करतात आणि फिरवून सोडलं की मशीन सुरू. आता ते बटन ढिलं झालंय. नवं कोणतं घ्यावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, बटनाचं नंतर पाहू, आधी वायरिंग बदला. इमर्जन्सी बटन सोडल्यावर मशीन नुसती ‘तयार’ व्हायला पाहिजे, सुरू नाही. समजा, पोत्याचं सूत अडकलं म्हणून एकानं बटन दाबून आत हात घातला. दुसऱ्याला वाटलं मशीन उगाच बंद आहे, त्यानं बटन फिरवलं. पुढचं लिहायची गरज नाही.

फिरवायचा स्विच काढून टाका. हिरवं स्टार्ट बटन आणि रोजच्यासाठी साधं स्टॉप बटन बसवा, कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच) सहायक कॉन्टॅक्टवर होल्डिंग घ्या, म्हणजे स्टार्टवरचं बोट काढलं तरी मशीन चालू राहते. लाल मशरूम त्याच कंट्रोल सर्किटमध्ये (कॉन्टॅक्टरला चालवणाऱ्या वायरिंगमध्ये) सिरीजला, म्हणजे एकामागोमाग एक. यानं आणखी एक काम होतं : लाइट जाऊन परत आली तरी मशीन आपोआप फिरत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे लाइटीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता बटन. कॉन्टॅक्ट एनसीच (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) हवा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबते. एनओ (एरवी तुटलेला, दाबल्यावर जोडणारा) लावलेलं बटन वायर तुटल्यावर मुकाट मरून पडतं आणि ते कळतं नेमकं नको त्या वेळी. बटनामागच्या कॉन्टॅक्ट ब्लॉकवर वर्तुळातल्या बाणाची खूण शोधा. चिकटलेला कॉन्टॅक्टही दाबाच्या जोरानं उघडतो, असा तिचा अर्थ. दाबल्यावर अडकून राहणारं, मागे पिवळी प्लेट असलेलं आणि मिरचीच्या धुळीसाठी आयपी 65 (आत धूळ न जाणारं) घ्या.

एवढं करूनही फसगत होते. हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला असताना मी एकदा बटन दाबलं, खट्ट आवाज आला, मोटर आपली चालूच. मेन पाडून डबा उघडला तर ब्लॉक हादऱ्यानं निसटून तळाशी पडलेला, दोन वायरी तशाच जोडलेल्या. एनसी जोडलेला तो जोडलेलाच, मग दाबून काय होणार? तुमचं ढिलं बटन त्याच वाटेवर आहे. म्हणून ब्लॉक निसटला की सर्किट स्वतः तोडणारा, सेल्फ मॉनिटरिंग ब्लॉक मागा. थोडा महाग पडतो, पण पल्वरायझरच्या हादऱ्याला दुसरा इलाज मला माहीत नाही.

जागा : एक बटन हॉपरपाशी (माल टाकायच्या तोंडापाशी), एक पोतं भरणाऱ्यापाशी, दोन्ही सिरीजमध्ये. इमर्जन्सी स्टॉपचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 13850 उभं राहायच्या जागेपासून 0.6 ते 1.7 मीटर उंची सांगतं. पोत्यांची थप्पी बटनासमोर लागणार नाही एवढं बघा.

आणि पोरांना दाखवून द्या : बटन दाबल्यावर फक्त वीज तुटते, जड रोटर त्यानंतरही गरगरत राहतो. तो पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही. सफाईला मेन बंद, कुलूप लावून किल्ली खिशात. दर सोमवारी मशीन रिकामी चालवून दोन्ही बटनं एकेकदा दाबून बघा.