युनिव्हर्सिटी टीममधली माझी रूममेट टेन्शन जावं म्हणून मॅचच्या आदल्या रात्री गांजा ओढते, खेळावर परिणाम होतो का?

हो, होतो, कारण गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं रसायन लक्ष, शॉर्ट टर्म मेमरी आणि रिअ‍ॅक्शन टाइम मंद करतं, आणि मेंदूचा निर्णय घेणारा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडतच असतो. शिवाय ते चरबीत साठतं, नेहमी ओढणाऱ्यांच्या लघवीत कित्येक आठवडे सापडू शकतं, आणि वाडा (WADA) या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या नियमात स्पर्धेच्या काळात बंदी आहे. अमेरिकन धावपटू शकॅरी रिचर्डसनचं २०२१ चं टोकियो ऑलिंपिक यातच गेलं, तेही आई गेल्याच्या दुःखात ओढला म्हणून, फार वाईट वाटलं होतं तेव्हा. पण सोडल्यावर काही आठवड्यांत मेमरी बरीच सुधारते, त्यामुळे तिला घाबरवू नका, टेन्शनसाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करायला सांगा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.