गेमच्या डब्यावरचा ‘१८’ हा आकडा

प्रश्न : आमच्या गल्लीजवळ तासाच्या दराने व्हिडिओ गेम खेळू देणारे एक दुकान आहे. सातवीतला माझा मुलगा तेथे ज्या गेममध्ये रमतो, त्याच्या डब्याच्या कोपऱ्यात लाल चौकोनात ‘१८’ छापलेले मी स्वतः पाहिले. दुकानदाराला विचारले, तर तो हसून म्हणाला, “तो आकडा परदेशना शे, आठे कोन इचारस!” आम्ही काही पालक सिनेमाप्रमाणे गेमसाठीही ‘केवळ प्रौढांसाठी’ असा वर्ग असावा, असे निवेदन तयार करीत आहोत. मात्र असा वर्ग म्हणजे अशा गेमना राजरोस परवानाच, तेव्हा सरसकट बंदीच मागावी, असे काहींचे म्हणणे आहे. कोणती भूमिका योग्य?
— एक पालक, अमळनेर

उत्तर : दुकानदार कायद्यापुरते खरे बोलला. तो चौकोन २००३ पासून युरोपात चालणाऱ्या ‘पेगी’ या गेमचा वयोगट दाखवणाऱ्या पद्धतीचा आहे. आपल्याकडे चित्रपटाला १९५२च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ओटीटीवरील मालिकांनाही २०२१च्या नियमांनी वयोगट लावला. डब्यात येणाऱ्या गेमला मात्र तशी सक्ती नाही.

बंदीचा आग्रह धरणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाचा अनुभव पाहावा. तेथे चित्रपटांना १८+ हा वर्ग होता, पण गेमची शिडी १५+ पाशीच संपत असे आणि त्यापुढच्या गेमला वर्गीकरण नाकारले की त्याची विक्रीच बंद होई. ही व्यवस्था वरकरणी कडक वाटते. परंतु २००८ मध्ये ‘फॉलआउट ३’ हा गेम मुख्यतः मॉर्फिन या खऱ्या औषधाच्या वापरामुळे नाकारला गेला, आणि औषधाचे नाव ‘मेड-एक्स’ असे बदलल्यावर तोच रक्तरंजित गेम १५+ म्हणून दुकानांत आला. म्हणजे वरची पायरी नसल्यामुळे मोठ्यांचा माल मुलांच्या पायरीवर उतरला. बदलासाठी केंद्र व सर्व राज्यांच्या ॲटर्नी-जनरलांचे (म्हणजे तेथील कायदामंत्र्यांचे) एकमत लागे आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मायकेल ॲटकिन्सन ते होऊ देत नव्हते. सरकारने मते मागवली, तेव्हा ५८ हजारांहून अधिक आली आणि त्यांतील सुमारे ९८ टक्के नव्या वर्गाच्या बाजूची होती (त्यांतली बरीचशी गेमच्या दुकानांनीच गोळा केली होती, हेही विसरू नये). २०१० मध्ये ॲटकिन्सन पदावरून दूर झाले, २०१२ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०१३ पासून १८+ वर्ग लागू झाला. त्यानंतरही मर्यादा ओलांडणारा गेम नाकारण्याचा अधिकार कायम राहिला, तेव्हा ‘परवाना मिळेल’ ही भीती अनाठायी आहे.

आपल्या निवेदनाचा खरा कस शब्दांत लागेल. ‘अल्पवयीनांना विक्री करू नये’ एवढेच लिहिलेत, तर आपल्या गल्लीतले दुकान अलगद सुटेल, कारण तेथे विक्री होतच नाही. म्हणून विकणे, भाड्याने देणे आणि तासाने खेळू देणे, हे तिन्ही लिहावे आणि दंडाची तरतूदही मागावी. नाहीतर तो आकडा शोभेपुरताच राहील. मोबाइलवरील गेमचे काम तुलनेने सोपे आहे : प्ले स्टोअरवर गेमच्या माहितीत वयोगट दिसतो, फोन वडिलांच्या खात्यावर चालत असेल, तर पालक नियंत्रण आजच सुरू करावे.

लोकसभेसमोर याचिका मांडण्यासाठी जळगाव मतदारसंघाच्या खासदारांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी. मजकूर मराठीत असल्यास सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावरही अर्जदाराने सही करावी लागते.