फोर्ड एफ-१५० (२०१८, १०-स्पीड ऑटोमॅटिक): थांबताना ‘ठक्’ आणि गिअर बदलताना धक्का, गिअरबॉक्स गेला का?

गेलाच असं नाही. आवाज आणि धक्का ही बहुधा दोन वेगळी दुखणी आहेत. सिग्नलला थांबता-थांबता किंवा निघताना मागून कुणी हलकं ठोकल्यासारखा एकच ‘ठक्’ येत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) स्लिप योक, म्हणजे आत-बाहेर सरकणारा दातेरी जोड, कोरडा पडून अडकतोय. काढून साफ करायचा, दातांना ग्रीस लावायचं, खर्च किरकोळ. डी (पुढे) वरून आर (रिव्हर्स) टाकतानाही वाजत असेल तर चाकांना दगड लावा, गाडीखाली जा आणि शाफ्ट हाताने पिळून युनिव्हर्सल जॉइंटमध्ये (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) खेळ, म्हणजे सैलपणा, आहे का बघा.

तिसऱ्या ते पाचव्या गिअरदरम्यान झटका बसतो, तो प्रकार मात्र आतला. या गिअरबॉक्सच्या सुरुवातीच्या वर्षांत सीडीएफ क्लच ड्रममधलं (गिअर लावणाऱ्या क्लचचं गोल घर) बुश, म्हणजे धातूची गोल कडी, जागेवरून सरकतं, तेलाचा दाब निसटतो आणि क्लच उशिरा, आदळत लागतो. फोर्डने वर्कशॉपसाठी काढलेल्या टेक्निकल बुलेटिनमध्ये हे आहे. डीलरकडे त्या बुलेटिनप्रमाणेच दुरुस्ती मागा. नुसतं सॉफ्टवेअर टाकून परत पाठवत असतील तर सरकलेलं बुश काही मागे येत नाही.

फक्त गिअरबॉक्स खोलण्याआधी तो पूर्ण गरम करून, इंजिन चालू ठेवून तेलाची पातळी बघून घ्या. तेल मर्कॉन यूएलव्हीच (फोर्डचं गिअरबॉक्सचं तेल) हवं. आणि बॅटरी नुकतीच काढली असेल, तर कॉम्प्युटर गिअर बदलणं नव्याने शिकतोय. थोडे दिवस धक्के बसणारच.