पहिला चेक फाडायच्या आधी

भावा, बहिणीमुळं ग्रीन कार्ड आलंय, न्यू जर्सीत घरदुरुस्तीचा धंदा काढणार, तर हाताखालच्यांना दिलेले पैसे टॅक्समध्ये कसे दाखवायचे, असं विचारलंस. फॉर्म कुठं मिळतात ते आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही.

मिळकतीचं सरळ आहे. रोख असो नाहीतर चेक, कुणी १०९९ (कामाचे किती पैसे दिले ते आयआरएसला कळवायचा फॉर्म) पाठवो न पाठवो, शेड्यूल सीवर, म्हणजे रिटर्नमधल्या धंद्याच्या हिशेबाच्या पानावर, सगळं दाखवायचं. 'बिलात की बिनबिलात?' ही उद्यमनगरातली सवय रंकाळ्यात बुडवून ये. नफ्यावर आयकराशिवाय साधारण १५.३ टक्के स्वयंरोजगार कर म्हणून वेगळे जातात, आणि हे सगळं एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी असं चार वेळा आगाऊ भरायचं. मला हे दंड बसल्यावर कळलं.

त्याच शेड्यूल सीवर दोन प्रश्न असतात. १०९९ द्यावा लागेल असे पैसे कुणाला दिलेत का? दिले असतील तर फॉर्म भरला का, किंवा भरणार का? दुसऱ्या चौकोनापाशी माझं पेन अडलं. १०९९ द्यावा लागायला २०२५ पर्यंत एका माणसामागं वर्षाला ६०० डॉलरची मर्यादा होती, २०२६ पासून दिलेल्या पैशांना २००० आहे. मी टाइल्सवाल्याला चार हजारांवर दिले होते. तो सांगलीकडचा, शनिवारी आमच्याकडं तांबडा-पांढरा ओरपायला येणारा एकमेव माणूस. त्याच्याकडं डब्ल्यू-९, म्हणजे नाव नि टॅक्सचा नंबर लिहून द्यायचा फॉर्म, कसा मागायचा? लाज वाटली. शेवटी ३१ जानेवारी, १०९९ धाडायची शेवटची तारीख, तोंडावर आल्यावर मागितला. "माझा सोशल सिक्युरिटी नंबर तुला कशाला रे?" एवढंच म्हणाला, नंतर फोन उचलायचा बंद झाला. नंबर न देणाऱ्याचे २४ टक्के कापून सरकारात भरायचे असतात, पण माझे चेक कधीच वटले होते. नंबराची जागा मोकळी ठेवून १०९९-एनईसी धाडला. त्याच्याकडं नंबरच नसेल, हे मला फार उशिरा सुचलं.

एकटं वाटतं का, हेही विचारलंस. छे, वेळ कुठाय? शनिवारी मटण आता एकच पाउंड आणतो, एवढंच.

आणि ड्रॉइंगं कोल्हापुरात धाकट्या भावाकडून करून घेणार म्हणालास. तो तिथं बसूनच काम करणार, त्यामुळं त्याला १०९९ नाही. त्याच्याकडून डब्ल्यू-८बेन, म्हणजे 'मी अमेरिकेबाहेरचा' असं लिहून द्यायचा फॉर्म, घ्यायचा. तो आयआरएसला पाठवायचा नसतो, आपल्या फायलीत ठेवायचा. सख्खा असला तरी सही पहिला रुपया पाठवायच्या आधी घे. वहिनींदेखत नको.