सेटमध्ये ‘दऱ्या’ दोनदा येतंय? जॉइनर लगेच उडवू नका

तुमचा प्रश्न वाचून मला माझे सहा वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. दोन फायलींमधले शब्द पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका सेटमध्ये (यात एकसारखी गोष्ट एकदाच राहते) घातले, तरी ‘दऱ्या’ दोनदा, ‘कुऱ्हाड’ दोनदा; मग पायथनचा सेट बिघडलाय का, असं तुम्ही विचारलंय. सेट ठीक आहे. ते दोन ‘दऱ्या’ संगणकाच्या लेखी वेगळे शब्द आहेत, आपल्या डोळ्यांना तेवढे सारखे दिसतात.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे: ‘कुठलं तरी अदृश्य अक्षर आहे म्हणे, ते सगळ्या फाईलमधून काढून टाकतो.’ कृपा करून थांबा. मी नेमकं हेच केलं होतं.

आधी कारण सांगतो. ‘ऱ्या’ किमान तीन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, त्याचा क्रमांक ०९३१, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे. दोन, साधा र आणि त्याला नुक्ता, म्हणजे खालचा टिंब. तीन, साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि मागे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे तुमचं ते अदृश्य अक्षर, क्रमांक २००डी. पहिल्या तऱ्हेनं लिहिलेल्या ‘दऱ्या’ची लांबी पायथन ५ सांगेल, उरलेल्या दोन्हींची ६. सेट हॅश (मजकुरावरून काढलेला एक आकडा) आणि बरोबरी पाहतो, अक्षराचा आकार पाहत नाही. त्यामुळे तिन्ही आत जातात.

माझ्याकडे एका प्रकाशनासाठी शुद्धलेखन तपासणीची शब्दयादी होती, आठ महिने गोळा केलेली. तुमच्यासारखीच दुहेरी शब्दांची कटकट सुरू झाली. मी रिप्लेसची एक ओळ लिहून सगळे २००डी काढले, यादीचा सेट केला, आणि तो त्याच फाईलवर परत लिहिला. शब्द कमी झाले, मला आनंद झाला. प्रूफं वाचणाऱ्या बाईंनी तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘डोंगरातल्या दऱ्या कुठे गेल्या? इथे नुसता समुद्राचा दर्या आहे.’

जॉइनर काढला की र आणि हलन्त उरतात, आणि त्यांचा रफार होतो. दऱ्यांचा दर्या झाला. स्वयंपाक करणारे ‘आचाऱ्यांना’ हे गुरुजींच्या ‘आचार्यांना’मध्ये विरघळले. नंतर सेटनं आपलं काम चोख केलं: दोन सारखे दिसले, एक ठेवला. उरलेला ‘दर्या’ मुळात कोणता होता, की दोन्ही होते, हे त्या फाईलमधून कधीच कळणार नव्हतं. यादी साधी असती तर दोन ओळी शेजारी दिसल्या तरी असत्या. छापील प्रूफांवरून सगळं परत बसवायला तीन आठवडे गेले. म्हणून माझं ठाम मत आहे, कुणाला टोकाचं वाटलं तरी चालेल: मूळ मजकुराची फाईल सेटमधून काढून परत लिहायची नाही. कधीच नाही.

मग करायचं काय? तुलनेसाठी वेगळी किल्ली, म्हणजे शब्दाचं एकसारखं केलेलं रूप, बनवा. युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझनं शब्द आधी एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणा. र आणि नुक्ता मिळून ऱ होतो, म्हणजे दुसरी तऱ्हा मिटली. जॉइनरवाल्या तिसऱ्या तऱ्हेला एनएफसी हात लावत नाही. त्यासाठी र, हलन्त, २००डी या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. हे झाल्यावरच उरलेले २००डी आणि २००सी (अक्षरं जोडू न देणारं तसंच अदृश्य चिन्ह, नॉन-जॉइनर) काढा. क्रम उलटा केलात की माझ्यासारखी गत. मग डिक्शनरीत ही किल्ली आणि तिच्यासमोर मूळ रूपांचा सेट ठेवा. काय कशात मिसळलं ते डोळ्यांनी तपासता येतं.

तीच गोष्ट ‘ॲ’ची. ०९७२ क्रमांकाचं हे अक्षर युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आलं. त्याआधीचे लोक अ ला चंद्र जोडून लिहीत, अजूनही लिहितात. एनएफसी या दोघांना एक करत नाही, बदल हातानं लिहावा लागतो. पायथनच्या स्ट्रिपच्या भरवशावरही राहू नका, तो कडेच्या मोकळ्या जागा काढतो, जॉइनर नाही. मी भाषातज्ज्ञ नाही, हे सगळं मराठीपुरतं आणि पायथन ३ पुरतं सांगतोय. हिंदी किंवा नेपाळी मजकुराला डोळे झाकून लावू नका.

ज्या संस्थेकडून मजकूर आला होता तिथे मी तीनदा फोन केला. टायपिंग कोणत्या कीबोर्डनं झालं, एवढंच हवं होतं. दर वेळी एकच उत्तर, ‘आमच्या स्क्रीनवर बरोबर दिसतंय.’ दिसतंयच हो, तीच तर अडचण आहे! कीबोर्डचं ते एक उत्तर वेळेवर मिळालं असतं तर मी निम्मं काम आधीच ओळखलं असतं. आजही आठवलं की राग येतो. तुम्ही मजकूर घेतानाच लेखी विचारून घ्या.

जाता जाता दोन गोष्टी. तुमच्या कोडमध्ये एका ठिकाणी ॲडऐवजी अपडेट आहे. अपडेटला नुसता शब्द दिला की तो अक्षरं सुटी करून टाकतो, म्हणून तुमच्या सेटमध्ये एकटा काना आणि एकटा हलन्त फिरताहेत. आणि दर वेळी क्रम बदलतो ही तक्रार चूक नाही, पण तो दोष नव्हे, पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचे, म्हणजे मजकुराचे, हॅश प्रोग्रॅम चालवताना प्रत्येक वेळी नव्यानं ठरतात. क्रम हवा असेल तर डिक्टचं फ्रॉमकीज वापरा, ३.७ पासून डिक्शनरी घातलेला क्रम पाळते.

तुमच्या दोन्ही ‘दऱ्या’ ॲस्की फंक्शनमधून (ते अक्षरांऐवजी त्यांचे क्रमांक दाखवतं) छापा आणि जे येईल ते इथे टाका. एकेक शब्द साधा प्रिंट करू नका, जॉइनर दिसणार नाही. कोणती तऱ्हा कोणत्या फाईलमधून आलीय ते पाहून पुढचं सांगतो. तोवर मूळ फायलींची एक प्रत बाजूला काढून ठेवा.